मराठी, मशीन आणि मास्टर्स

(एक विद्यार्थिनी, टी. ई. कॉम्प्युटर)

टी. ई.ला पोचलं की वर्गाचे आपोआप तीन गट पडतात. पहिला कॅम्पसवाल्यांचा. हे लोक कँटीनमध्ये अ‍ॅप्टिट्यूडची गणितं सोडवत बसलेले दिसतात. दुसरा गेटवाल्यांचा. हे कुठेच दिसत नाहीत. आणि तिसरा एम. एस.वाल्यांचा, ज्यांच्या तोंडी दिवसभर जीआरई, एसओपी आणि ‘रेको’ हेच शब्द असतात. पण यांपैकी कुणालाही “मास्टर्स कशात करणार?” असं विचारलं, तर उत्तर मात्र एकच येतं, “कॉम्प्युटरमध्ये! आणखी कशात?”

या ‘आणखी कशात’ला खरंखुरं उत्तर आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख. कॉम्प्युटर सायन्सच्या काही मास्टर्स आणि पीएच. डी. पदव्या अशा आहेत, ज्यांचा एक पाय आपल्या विषयात असतो आणि दुसरा भलत्याच विषयात. आपल्याकडे त्यांना ‘इंटरडिसिप्लिनरी’ म्हणतात, मराठीत आंतरविद्याशाखीय. शब्द जड आहे, पण गोष्ट मजेची आहे. मी स्वतः अशाच एका वाटेने जायचं म्हणतेय, त्यामुळे गेलं वर्षभर जे वाचलं, सीनियर्सना विचारलं, मिनी प्रोजेक्टमध्ये करून पाहिलं, ते इथे मांडते.

‘इंटरडिसिप्लिनरी’ म्हणजे नक्की काय?

एखादं इलेक्टिव्ह बाहेरच्या डिपार्टमेंटचं घेतलं म्हणजे पदवी आंतरविद्याशाखीय होत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या तीन खुणा आहेत. एक, दोन्ही विषयांचे कोर्स कम्पल्सरी असतात, आणि दुसऱ्या विषयाचे कोर्स ‘इंजिनिअर्ससाठी सोपे करून’ दिलेले नसतात. दोन, थीसिसचा प्रश्न असा असतो की तो एकट्या कॉम्प्युटरवाल्याला सुटत नाही आणि एकट्या दुसऱ्या विषयवाल्यालाही सुटत नाही. तीन, बऱ्याचदा गाइड दोन असतात, दोन वेगळ्या डिपार्टमेंटचे. त्यांचं एकमत होईपर्यंत विद्यार्थ्याची अवस्था दोन सासवांच्या सुनेसारखी होते असं एका सीनियरने सांगितलं!

उदाहरणं आपल्या आसपासच आहेत. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र १९८७ पासून आहे. तिथे जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर एकत्र नांदतात. आपण डीएए मध्ये जे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकतो, त्याच पद्धतीने डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींशी जुळवून पाहिल्या जातात, आणि ही युक्ती नीडलमन आणि वुन्श या दोघांनी १९७० मध्येच मांडली होती. बंगळुरूच्या आयआयएस्सीत ‘कम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस’ हे डिपार्टमेंट आहे, तिथे सगळ्या शाखांचे इंजिनिअर्स आणि सायन्सवाले येतात. ज्यांना माणूस आणि मशीन यांच्यातला संवाद आवडतो, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसीत इंटरॅक्शन डिझाइन आहे. त्याची वाट गेटमधून नाही, सीड या परीक्षेतून जाते.

या सगळ्यांवर थोडंथोडं लिहिलं तर कुणाचंच भलं होणार नाही. म्हणून मी एकच विषय घेते. तो म्हणजे संगणकीय भाषाशास्त्र, कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स. मशीनला माणसाची भाषा कळावी, बोलता यावी, भाषांतर करता यावं, यासाठीचं शास्त्र.

‘घरासमोरच्यांनी’ फोडून बघू

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याला चार तास आणि शंभर मार्क. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण व्याकरण इंग्लिशचं पाठ, मराठीचं कानाला जे बरोबर वाटेल ते. ‘सामान्यरूप’ या शब्दाशी माझी खरी ओळख झाली ती मिनी प्रोजेक्टच्या निमित्ताने, आणि तेव्हा कळलं की आपण रोज किती अवघड गणितं तोंडाने सोडवत असतो.

हा शब्द बघा: ‘घरासमोरच्यांनी’. “घरासमोरच्यांनी आज गाडी लावू दिली नाही,” असं आपण सहज बोलतो. इंग्लिशमध्ये एवढ्यासाठी पाच-सहा शब्द लागतील. आता तो फोडा. मूळ शब्द ‘घर’. प्रत्यय लागण्याआधी त्याचं ‘घरा’ झालं, हेच सामान्यरूप. त्याला ‘समोर’ चिकटलं. त्याला ‘चा’ लागून विशेषण झालं, ‘घरासमोरचा’. त्या विशेषणाने माणसांची जागा घेतली, त्याचं पुन्हा अनेकवचनी सामान्यरूप झालं, ‘घरासमोरच्यां’. आणि शेवटी ‘नी’. एवढ्यावरही थांबायची सक्ती नाही. ‘घरासमोरच्यांच्या’ म्हणा, ‘घरासमोरच्यांच्यासाठीसुद्धा’ म्हणा. गाडी फिरून पुन्हा त्याच स्टेशनवर येते आणि पुढे जाते.

टीओसीचा पेपर दिलेल्यांना इथे काहीतरी ओळखीचं दिसलं असेल. एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमध्ये जाणं, ठरावीक अक्षरं वाचणं, एखाद्या ठिकाणी लूप असणं... हा सरळसरळ फाइनाइट ऑटोमेटन आहे! आपण डीएफए, एनएफए ‘पास होण्यापुरतं’ करतो आणि सोडून देतो. पण १९८३ मध्ये किम्मो कोस्केनिएमी नावाच्या फिनलंडच्या संशोधकाने हीच कल्पना वापरून फिनिश भाषेचे लांबलचक शब्द फोडून दाखवले. त्याच्या यंत्रात वाचायची एक पट्टी आणि लिहायची एक पट्टी असते. इकडून ‘घराला’ घाला, तिकडून ‘घर, नपुंसकलिंग, एकवचन, ला’ असं बाहेर येतं. उलटं चालवलं की शब्द तयार होतो. याला ट्रान्सड्यूसर म्हणतात.

हे फोडणं कशासाठी? जरा हिशेब करू. इंग्लिशमध्ये ‘हाउस’ या नामाची लिहिण्यात चार रूपं होतात. मराठीत ‘घर’ची सामान्यरूपं दोन, ‘घरा’ आणि ‘घरां’. त्यांना ला, ने, त, हून, चा, ची, वर, खाली, मागे, साठी, मुळे, पेक्षा, पर्यंत असे वीस प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं धरली तरी चाळीस रूपं झाली. प्रत्येकाला नुसतं ठेवा, ‘च’ लावा किंवा ‘ही’ लावा (घरात, घरातच, घरातही). झाली एकशेवीस. आणि ही वरची साखळी तर अजून धरलीच नाही. जे मशीन प्रत्येक रूप वेगळा शब्द म्हणून मोजतं, त्याला ‘घरापेक्षाही’ कधी भेटलाच नसेल तर तो शब्द पूर्ण अनोळखी. भेटून भेटून किती भेटणार?

बरं, नियम घालून द्यावेत तर तेही सरळ नाहीत. ‘घोडा’चं ‘घोड्याला’, ‘रस्ता’चं ‘रस्त्याला’. म्हणून मशीनला सांगितलं की शेवटच्या ‘आ’चा ‘या’ कर. मशीन आज्ञाधारक. ते ‘राजा’चं ‘राज्याला’ करतं! राजा बिचारा बाजूलाच राहिला, सगळा कारभार राज्याला गेला. ‘राजाला’, ‘काकांना’, ‘आजोबांना’ हे वेगळे ठेवावे लागतात. ‘फूल’मधला दीर्घ ऊ ‘फुलाला’मध्ये ऱ्हस्व होतो, ‘दूध’चं ‘दुधात’ होतं, ‘भाऊ’चं ‘भावाला’ होतं. आणि हे नियम कोण सांगणार? कोडिंग येणारा नाही. भाषाशास्त्र शिकलेला. दोन विषय लागतात म्हणतात ते इथे.

अर्थाचं तर विचारूच नका. ‘पान’ झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं आणि पत्त्यांचंही. आणि आजी जेव्हा “पानं घेतलीत, या” म्हणते तेव्हा ती यांतलं काहीच म्हणत नसते, जेवायला बोलावत असते! असे अर्थ वेगवेगळे करून, समान अर्थाचे शब्द एकत्र बांधून, त्यांचं एक जाळं तयार करतात. त्याला वर्डनेट म्हणतात. इंग्लिशचं वर्डनेट अमेरिकेत प्रिन्स्टनला १९८५ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी आणि मराठी वर्डनेट बनलं. या कामात कॉम्प्युटरवाले आणि भाषेची माणसं एकाच खोलीत बसून शब्दांवर वाद घालतात.

पाणिनी आणि कंपायलर

एसपीसीसीचा अभ्यास करताना बीएनएफ आपल्या सर्वांच्या राशीला येतं. बॅकस-नाउर फॉर्म. प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं व्याकरण लिहायची पद्धत. १९६७ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या प्रतिष्ठित मासिकात पीटर इंगरमन यांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांचं म्हणणं, असं काम संस्कृतसाठी पाणिनीने कितीतरी शतकांपूर्वीच केलेलं आहे, तर या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणावं. नाव काही बदललं नाही, पण मुद्दा राहिला. अष्टाध्यायीत साधारण चार हजार सूत्रं आहेत. एक सूत्र दुसऱ्याचं काम पुढे नेतं, दोन सूत्रं एकाच ठिकाणी लागू झाली तर कुणाचं चालायचं याचेही नियम आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायॉरिटी आणि कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन.

इथे एक काळजी घ्यायला हवी. “संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वांत योग्य भाषा” असं आपण गॅदरिंगच्या भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. पाणिनीचा उपयोग दाखवला तो आयआयटी कानपूरच्या गटाने, काम करून. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये पाणिनीच्या दृष्टीतून भाषाप्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की इंग्लिशमध्ये शब्दाची जागा महत्त्वाची असते, पण भारतीय भाषांमध्ये शब्द कुठेही फिरला तरी विभक्ती त्याचं नातं सांगते. “रामाने आंबा खाल्ला”, “आंबा रामाने खाल्ला”, खाणारा राम तो रामच! म्हणून आपल्या भाषांसाठी पाणिनीची कारकांची कल्पना जास्त सोयीची. हेच काम पुढे हैदराबादच्या आयआयआयटीत वाढलं.

“मशीन आता आपोआप शिकतं, मग व्याकरण कशाला?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि तो अगदी रास्त आहे.

थोडा इतिहास बघू. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी रशियन वाक्यांचं इंग्लिश करून दाखवलं. साठेक वाक्यं, अडीचशे शब्द, सहा नियम. लोकांना वाटलं, काही वर्षांत काम संपलं! १९६६ मध्ये अमेरिकेतल्याच एका सरकारी समितीने अहवाल दिला की अपेक्षेइतकी प्रगती नाही, आणि पैसा आटला. मग १९९०च्या सुमारास आयबीएमच्या लोकांनी नियम बाजूला ठेवून कॅनडाच्या संसदेचं इंग्लिश आणि फ्रेंच कामकाज मशीनसमोर ठेवलं आणि संभाव्यतेने शब्द जुळवले. २०१६ मध्ये गूगलचं भाषांतर न्यूरल नेटवर्कवर गेलं. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ आला, आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी. आज ही मशीन्स मराठी लिहितात, आणि बऱ्यापैकी लिहितात. त्यांना कुणी सामान्यरूप शिकवलेलं नाही.

मग भाषाशास्त्र संपलं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं भावनिक नाहीत.

पहिलं कारण, खाऊ कमी. ही मशीन्स मजकूर खाऊन मोठी होतात. २०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत. पण कॉम्प्युटरला वाचता येईल असा आपला मजकूर इंग्लिशच्या तुलनेत फारच थोडा. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीचा मोठा साठा जमवून सगळ्यांसाठी खुला केला, अडीच कोटींच्या आसपास वाक्यांचा. त्या कामात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, म्हणजे आपल्यासारखेच! पण जिथे खाऊ कमी तिथे शब्द फोडून, त्यांची नाती सांगून मशीनला मदत करायची गरज राहते.

दुसरं कारण, तुकडे. मशीन शब्द अख्खा गिळत नाही, त्याचे तुकडे करतं. हे तुकडे कुठे पाडायचे ते पुन्हा मजकुराच्या प्रमाणावर ठरतं. इंग्लिशची भर जास्त असेल तर इंग्लिश शब्दांचे मोठे तुकडे पडतात आणि मराठीचा अगदी चुरा होतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्लिश अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘शिक्षण’ या शब्दात श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. तुकडे जास्त म्हणजे वेळ जास्त, आणि जिथे तुकड्यांवर पैसे मोजतात तिथे बिलही जास्त. मराठीचे तुकडे प्रत्ययांच्या जोडावर पाडले तर काय होईल, हा आज खरोखर संशोधनाचा प्रश्न आहे.

तिसरं कारण, परीक्षक कोण? इंग्लिशमध्ये ‘यू’ म्हटलं की काम झालं. मराठीत तू, तुम्ही, आपण. ‘द डॉक्टर केम’चं भाषांतर डॉक्टर आला, आली की आले? मशीन बऱ्याचदा ‘आला’ म्हणून मोकळं होतं. समजा, सरकारी दवाखान्याच्या एखाद्या मशीनने सत्तर वर्षांच्या आजोबांना “तू गोळ्या घेतल्यास का?” असं विचारलं. व्याकरणात एकही चूक नाही, पण आजोबा पुन्हा त्या मशीनशी बोलणार नाहीत. हे अ‍ॅक्युरसीच्या टक्केवारीत दिसत नाही. ते दिसायला समाज आणि भाषा या दोन्हींचा अभ्यास लागतो.

‘मले’ आणि ‘मेले’

चौथं कारण माझ्या घरचं आहे. माझी आजी अकोल्याची, वऱ्हाडी बोलते. तिला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मामाने तिला फोनवर बोलून टाइप करायचं शिकवलं. एकदा तिला बरं नव्हतं. ती फोनला म्हणाली, “मले बरं नाई वाटत.” फोनने लिहिलं, “मेले बरं नाही वाटत”! आईच्या मोबाइलवर तो मेसेज आला तेव्हा आम्ही आधी घाबरलो आणि मग पोट धरून हसलो. आजीही हसली. पण त्यानंतर तिने फोनशी बोलणं बंद केलं. “त्याले माही भाषा समजत नाई,” असं म्हणाली.

मला ते वाक्य लागलं. वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘तुला’चं ‘तुले’, ‘आईला’चं ‘आईले’. हा नियम आहे, आणि तितकाच पक्का आहे जितका प्रमाण मराठीतला ‘ला’. फक्त ज्या मजकुरावर, ज्या आवाजांवर मशीन शिकलं, त्यांत आजीसारखं बोलणारे जवळजवळ नसणार. उद्या पीकविमा, रेशन, दवाखाना असं सगळं बोलून करायच्या मशीनवर येणार असेल, तर ज्याची बोली मशीनला कळत नाही तो माणूस रांगेच्या बाहेर. इंग्लिश न येणाऱ्याची आज जी अडचण होते, ती उद्या प्रमाण मराठी न बोलणाऱ्याची होईल.

यावर काम होतंय, आणि तेही आपल्या पुण्यात. डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं, एकाच वस्तूला कुठे काय म्हणतात ते नोंदवलं आणि नकाशांसकट सगळ्यांना बघता येईल असं ठेवलं. आणि फक्त मराठीच्या बोलीच का? मेळघाटात कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या भागात निहाली नावाची भाषा आहे, जिचं जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे काही हजारच. ज्या भाषेत छापलेलं पुस्तक शोधावं लागतं, त्या भाषेसाठी ‘भरपूर डेटा घाला’ हे उत्तर चालत नाही. तिथे टेपरेकॉर्डर घेऊन जाणारा भाषाशास्त्रज्ञ आणि थोडक्या डेटावर मॉडेल शिकवणारा इंजिनिअर, दोघे हवेत. किंवा दोन्ही येणारा एक!

कुठे शिकता येतं?

भारतात: हैदराबादच्या आयआयआयटीत संगणकीय भाषाशास्त्रात संशोधनावर आधारित एम. एस. करता येतं. तिथली स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, पीजीईई, आणि मग इंटरव्ह्यू. आयआयटी मुंबईत वेगळी पदवी नाही, पण कॉम्प्युटरच्या डिपार्टमेंटमध्येच भारतीय भाषांचं केंद्र (सीएफआयएलटी) २००० पासून आहे. गेटने एम. टेक.ला जाऊन थीसिस तिथे करता येतो. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत या गटाने २०२३ मध्ये भारताच्या सर्व २२ अनुसूचित भाषांसाठी भाषांतराचं खुलं मॉडेल दिलं, ते घरी बसून डाउनलोड करून बघा. ज्यांना दुसरी बाजू पक्की करायची आहे, त्यांच्यासाठी डेक्कन कॉलेजमध्ये भाषाशास्त्राचं एम. ए. आहे. आणि अनेकांना माहीत नसतं, पण २०२१ पासून गेटमध्ये ह्युमॅनिटीजचा पेपर आहे आणि त्यात भाषाशास्त्र हा पर्याय आहे.

परदेशात: अमेरिकेत कार्नेगी मेलनचं लँग्वेज टेक्नॉलॉजीज इन्स्टिट्यूट सगळ्यात नावाजलेलं, १९९६ पासूनचं. सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात याच विषयाचं मास्टर्स आहे, तिथे भाषाशास्त्राचे आणि कॉम्प्युटरचे, दोन्हीकडचे विद्यार्थी घेतात. ब्रिटनमध्ये एडिनबरा. जर्मनीत सारलँड आणि श्टुटगार्ट, आणि जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांची शिकवणी फी नसते, राहण्या-खाण्याचा खर्च तेवढा आपला. जीआरई २०२० नंतर अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली किंवा काढून टाकली, तेव्हा क्लासला पैसे भरण्याआधी त्या-त्या विद्यापीठाची अट वाचा.

एम. टेक. आणि ‘एम. एस. बाय रिसर्च’ यांतला फरक लक्षात ठेवा. एम. टेक.ला कोर्सेस जास्त आणि साधारण दोन वर्षांत मोकळं होता येतं. संशोधनाच्या एम. एस.ला कोर्सेस कमी, थीसिस मोठा, आणि कधी संपेल ते आपल्या कामावर. पुढे पीएच. डी. करायची असेल तर दुसरं बरं.

“एक ना धड, भाराभर चिंध्या”

हे माझ्या बाबांचं वाक्य. मी हा विषय काढला त्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवून शांतपणे ऐकवलं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून अडचणीही सांगते.

एक, दोन्हीकडे आपण थोडे मागे असतो. शुद्ध मशीन लर्निंगवाल्यांपेक्षा गणित कमी, शुद्ध भाषाशास्त्रवाल्यांपेक्षा भाषा कमी. पहिलं सेमिस्टर जड जातं असं सगळेच सांगतात. आपल्याला उत्तर एकच असायची सवय असते. भाषाशास्त्रात एकाच वाक्याची दोन विश्लेषणं फळ्यावर असतात आणि दोन्ही बाजूंना पुरावे असतात.

दोन, नोकरी. कंपन्यांना हवे असतात ते मॉडेल चालवू शकणारे, स्वच्छ कोड लिहिणारे इंजिनिअर. नुसत्या भाषाशास्त्रावर मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या. म्हणून ज्यांना ही वाट घ्यायची त्यांनी डेटा स्ट्रक्चर्स आणि प्रोबॅबिलिटी यांच्याशी कट्टी घेऊन चालणार नाही. एक पाय घट्ट असेल तरच दुसरा उचलता येतो.

तीन, पदवीचं नाव. काही सरकारी जाहिरातींत पात्रतेच्या रकान्यात ठरावीक पदव्या लिहिलेल्या असतात. वेगळं नाव असलेली पदवी समतुल्य आहे हे पटवायला कागदपत्रं लागतात. ज्यांना सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी हवी, त्यांनी हे आधीच तपासावं.

आणि चार, विषय झपाट्याने बदलतो. पाच वर्षांपूर्वीची पद्धत आज जुनी. पण बाबांना मी जे उत्तर दिलं तेच इथे देते. पद्धती बदलतात, प्रश्न नाही. १९५४ मध्ये ‘पान’चा कुठला अर्थ घ्यायचा हा जो प्रश्न होता, तोच आजही आहे. प्रश्न नीट शिकलेला माणूस नवीन पद्धत शिकून घेतो. चिंध्या भाराभर असल्या तरी चालतं, त्या शिवायला येत असतील तर त्यांची गोधडी होते. यावर बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डेक्कन कॉलेजला कसं जायचं ते सांगितलं.

आत्तापासून काय करता येईल?

एस. ई.त असाल तर टीओसी आणि प्रोबॅबिलिटी मनापासून करा, फक्त अनसॉल्व्ह्ड पेपरमधून नको. टी. ई.त मिनी प्रोजेक्टला मराठी घ्या. स्टुडंट अटेंडन्स सिस्टिम आपल्या कॉलेजात आजवर किती झाल्या असतील, मोजदाद नाही! त्याऐवजी मराठी शब्द फोडणारा प्रोग्रॅम करा, तुमच्या गावच्या बोलीतले दोनशे शब्द आवाजासकट जमवा, किंवा मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाचा एखादा नियम तपासणारं टूल लिहा. यांतलं कुठलंही काम एका लॅपटॉपवर होतं. एसओपीमध्ये “मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे” या वाक्यापेक्षा अशा एका कामाचं वजन जास्त.

आणि ज्यांच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी बोलली जाते, त्यांना एक खास विनंती. हॉस्टेलला आल्यावर आपण ती बोली बॅगेच्या तळाशी ठेवून देतो, कुणी हसेल म्हणून. या विषयात तीच तुमची सगळ्यात मोठी गुणवत्ता आहे. ‘मले’ आणि ‘मेले’ यांतला फरक मशीनला शिकवायला ज्या कानांची गरज आहे, ते कान परदेशातल्या कुठल्याही लॅबमध्ये विकत मिळत नाहीत. मी या सुट्टीत अकोल्याला जाणार आहे, आजीचं बोलणं रेकॉर्ड करायला. तिची अट एकच आहे, “पह्यले जेव, मंग तुही मशीन लाव.” कुणाला आपापल्या आजीचं बोलणं याच साठ्यात घालायचं असेल, तर डिपार्टमेंटच्या लायब्ररीत मला गाठा.